नदीचे छायाचित्र आणि नदीची नोंद



तुमच्या घरी जुन्या छायाचित्रांचा संग्रह असेल, तर तो एकदा उघडून बघा. घर चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातले असेल, तर त्यात एखादे तरी छायाचित्र मार्कंड्याच्या यात्रेत घेतलेले असण्याचा संभव फार आहे. आजी-आजोबा, काका, मामी, कडेवर एखादे रडणारे मूल आणि सर्वांच्या मागे वैनगंगेचे पात्र. आजवर तुम्ही त्यातली माणसे ओळखत आला असाल. आज माणसे बाजूला ठेवा आणि मागची नदी पाहा. पाणी काठापासून किती दूर आहे? मध्ये वाळूचा पट्टा आहे का? वाळूवर झुडपे उगवली आहेत, की ती स्वच्छ आहे?

मार्कंड्याची यात्रा महाशिवरात्रीला भरते. ही तिथी दर वर्षी साधारण फेब्रुवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा दुसरा आठवडा या काळात येते. म्हणजे १९७५ सालचे, १९९५ सालचे आणि गेल्या वर्षीचे, अशी यात्रेची तीन छायाचित्रे मिळाली, तर त्यांतला ऋतू एकच आणि जागाही जवळजवळ एकच असते. बदलते ती फक्त नदी. असा प्रयोग कोणी ठरवून केला असता, तर त्याला शास्त्रीय निरीक्षण म्हटले असते. यात्रेतल्या फोटोवाल्यांनी तो न ठरवता करून ठेवला आहे!

आता उलट उदाहरण घ्या. गुरू ग्रह मीन राशीत आला की सिरोंच्याला प्राणहितेचा पुष्कर मेळा भरतो. असा मेळा २०१० साली भरला आणि नंतर २०२२ साली. या दोन मेळ्यांची छायाचित्रे शेजारी ठेवून कोणी म्हणेल, 'पाहा, बारा वर्षांत प्राणहिता किती आटली!' पण थांबा. २०१० चा मेळा डिसेंबरात होता आणि २०२२ चा एप्रिलात. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षे लागतात. त्याच्या फेऱ्यांचा आपल्या ऋतूंशी काही संबंध नाही. हिवाळ्याच्या सुरुवातीची नदी आणि ऐन उन्हाळ्यातली नदी यांची तुलना म्हणजे सकाळी उपाशीपोटी केलेल्या वजनाची जेवणानंतरच्या वजनाशी तुलना करण्यासारखे आहे.

तेव्हा छायाचित्र कितीही सुंदर असले, तरी ते कोठून, कोणत्या दिशेला, कोणत्या दिवशी घेतले आणि त्यातली मापे काय, हे ठाऊक नसेल तर विज्ञानाला त्याचा उपयोग थोडा. आणि हे सर्व लिहून ठेवलेले असेल, तर अगदी साध्या मोबाइल फोनने घेतलेले चित्रही मोलाचे ठरते. अशी चित्रे कशी घ्यायची, ते या लेखात पाहू.

आपल्या भागातील नद्या

नद्यांची छायाचित्रे घेण्यासाठी जगभर फिरणारे हौशी प्रवासी असतात. तुम्हांला मात्र फार लांब जावे लागणार नाही. मध्य प्रदेशातील शिवनी जिल्ह्यात उगम पावून येणारी वैनगंगा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांच्या सीमेवरून दक्षिणेकडे वाहते. बैतूल जिल्ह्यात उगम पावणारी वर्धा वाटेत वढा येथे पैनगंगेला पोटात घेते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि तेथून त्यांचे नाव होते प्राणहिता. ही प्राणहिता सुमारे ११३ किलोमीटर वाहून सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. गोदावरीच्या समोरच्या काठावर तेलंगणातील कालेश्वर आहे. लांबीने प्राणहिता लहान वाटते, पण ती १,०९,००० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेशाचे पाणी आणते. गोदावरीच्या एकूण खोऱ्याचा हा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग झाला! पूर्वेला भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा त्रिवेणी संगम आहे. हीच इंद्रावती पुढे छत्तीसगडच्या सीमेवरून वाहत जाऊन सोमनूरला गोदावरीत शिरते.

संगम हे छायाचित्रासाठी फार चांगले ठिकाण. दोन नद्यांच्या पाण्यात गाळ कमीअधिक असेल, तर रंग वेगळे दिसतात आणि दोन्ही प्रवाह काही अंतर एकमेकांशेजारून वाहतात. ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ रिओ नेग्रोचे काळसर पाणी आणि सोलिमोंइसचे गढूळ पिवळट पाणी असे कित्येक किलोमीटर न मिसळता वाहते. दोन्ही पाण्यांचे तापमान, वेग आणि घनता वेगळी असल्यामुळे त्यांना मिसळायला वेळ लागतो. आपल्याकडे पहिल्या जोरदार पावसानंतर संगमावर लक्ष ठेवा. एका नदीच्या खोऱ्यात पाऊस झाला आणि दुसरीच्या झाला नाही, तर पाण्याच्या रंगावरून ते घरबसल्या कळेल.

दुसरे चांगले ठिकाण म्हणजे वळण. एरवी दक्षिणेकडे जाणारी वैनगंगा मार्कंड्याला वळसा घेऊन थोडे अंतर उत्तरेकडे वाहते. वळणावर बाहेरच्या काठाशी पाण्याचा वेग जास्त असतो, म्हणून तो काठ खचत जातो. आतल्या काठाशी वेग मंदावतो आणि वाळू साचते. सरळ वाहणाऱ्या पात्रापेक्षा वळणावरचे बदल लवकर दिसून येतात.

रेल्वे झाली नाही, पण छायाचित्रे राहिली

एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा छायाचित्र घेण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षांची आहे. १८८८ च्या सुमारास सेबास्टियन फिन्स्टरवाल्डर या जर्मन गणितज्ञाने आल्प्स पर्वतातील हिमनद्यांचा असा अभ्यास सुरू केला. पण नद्यांच्या बाबतीतली सर्वांत रंजक कथा अमेरिकेतील कोलोरॅडो नदीची आहे.

१८८९ साली काही व्यापाऱ्यांच्या मनात आले, की या नदीच्या खोल घळईतून, म्हणजे ग्रँड कॅन्यनमधून, रेल्वे न्यावी. पाहणीसाठी होड्या निघाल्या. कंपनीचा अध्यक्ष फ्रँक ब्राऊन त्याच वर्षी नदीत बुडून मेला. तरीही रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन या इंजिनियराने काम पुढे नेले. रेल्वेचा मार्ग दाखवण्यासाठी ठराविक अंतरावर नदीची छायाचित्रे घ्यायची होती. १ जानेवारी १८९० रोजी मोहिमेचा छायाचित्रकार निम्स कड्यावरून पडला आणि त्याचा पाय मोडला. त्याला कसेबसे घळईबाहेर पोहोचवले. स्टँटनने त्यापूर्वी कधी कॅमेरा हाताळला नव्हता. आता तोच छायाचित्रकार झाला आणि उरलेला सारा प्रवास त्याने छायाचित्रे घेत पुरा केला.

रेल्वे कधीच झाली नाही. छायाचित्रे मात्र जपून ठेवली गेली. शंभर वर्षांनी, १९९० नंतर, रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी स्टँटनच्या शेकडो जागा शोधून काढल्या आणि तेथूनच नवी छायाचित्रे घेतली. मधल्या काळात, १९६३ साली, वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण झाले होते. जुन्या चित्रांत काठाशी वाळूच्या रुंद पुळणी आणि उघडा खडक दिसे. नव्या चित्रांत पुळणी आक्रसलेल्या आणि काठ झुडपांनी भरलेला. कारण उघड होते. गाळ धरणात अडकला, म्हणून नवी वाळू येईना. मोठे पूर थांबले, म्हणून काठावर रुजलेली रोपे उपटून नेणारे कोणी उरले नाही. धरणाने नदीचे काय केले हे सांगण्यासाठी धरणापूर्वीची नोंद लागते आणि ती मिळाली एका न झालेल्या रेल्वेच्या कागदपत्रांत!

आता आपल्या सिरोंच्याकडे या. संगमाच्या खालच्या अंगाला गोदावरीवर बांधलेल्या मेडिगड्डा बंधाऱ्याचे उद्घाटन २१ जून २०१९ रोजी झाले आणि त्याचे पाणी मागे फुगून सिरोंच्याच्या परिसरात पसरू लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि साठवलेले पाणी सोडून द्यावे लागले. म्हणजे २०१९ च्या आधीची नदी, २०१९ ते २०२३ मधली नदी आणि त्यानंतरची नदी अशा तीन अवस्था झाल्या. सिरोंच्याच्या घाटावर एकाच पायरीवरून दर वर्षी १ फेब्रुवारीला कोणी एक चित्र घेतले असते, तर तिन्ही अवस्था आज डोळ्यांसमोर असत्या. वैनगंगेवर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्द धरण आहे. त्याच्या कामाची पायाभरणी १९८८ साली झाली. खालच्या अंगाच्या वाळूवर, झुडपांवर, हिवाळी प्रवाहावर त्याचा काय परिणाम झाला, हे पाहायला जुनी चित्रे हवीत. म्हणून तर सुरुवातीला घरातला संग्रह उघडायला सांगितले.

यात आणखी एक गोष्ट आहे. तुमच्या आजोबांना लहानपणची नदी आठवते, वडिलांना त्यांच्या लहानपणची आणि तुम्ही आज पाहता तीच तुम्हांला नदीची नेहमीची स्थिती वाटते. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने १९९५ साली याकडे लक्ष वेधले. प्रत्येक पिढी आपल्या बालपणापासून मोजायला सुरुवात करते, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या झालेली घट कोणाच्या लक्षातच येत नाही. 'आमच्या वेळी उन्हाळ्यातही डोहात पाणी असे,' हे आजोबांचे म्हणणे खरे की आठवणीने फुगवलेले, हे तारीख लिहिलेल्या चित्रावाचून कसे ठरवणार?

तीच जागा पुन्हा कशी सापडते?

'वडाच्या झाडाजवळून' एवढे लिहिणे पुरत नाही. झाड पडते. फोनमधील उपग्रहाधारित स्थाननिर्देशही काही मीटरने चुकतो. खात्रीचा उपाय भूमितीत आहे.

काठावर उभे राहून समोर पाहा. जवळच एखादा खांब किंवा देवळाचा कोपरा असेल आणि नदीपलीकडे दूर एखादी टेकडी. खांबाची कड टेकडीच्या नेमक्या कोणत्या भागावर येते, ते लक्षात ठेवा. आता डावीकडे एक पाऊल सरका. खांब टेकडीवरून उजवीकडे सरकल्यासारखा दिसेल. याला पराशय म्हणतात. चालत्या गाडीतून जवळची झाडे मागे पळतात आणि दूरचा डोंगर सोबत येतो, तोच हा प्रकार. खांब १० मीटरवर असेल आणि तुम्ही केवळ १० सेंटीमीटर सरकलात, तरी खांब सुमारे अर्ध्या अंशाने सरकतो. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जेवढा रुंद दिसतो, जवळपास तेवढा. म्हणजे तो सहज ओळखू येतो.

चित्राच्या डाव्या बाजूला अशी जवळ-दूरची एक जोडी आणि उजव्या बाजूला दुसरी जोडी निवडा. दोन्ही जोड्या पूर्वीसारख्याच जुळल्या, की तुम्ही त्याच जागी उभे आहात. कारण प्रत्येक जोडी एक रेषा ठरवते आणि दोन रेषा एकाच बिंदूत छेदतात. स्टँटनच्या जागा शोधणाऱ्यांनी शेवटची जुळणी अशीच केली. आपल्या कामासाठी पुलाचा कठडा, घाटाची पायरी, देवळाचा ओटा अशी पक्की जागा निवडावी. कॅमेऱ्याची जमिनीपासूनची उंची लिहावी. आणि फोनमधील चित्र मोठे करण्याची सोय वापरू नये, नाहीतर दोन चित्रांचे प्रमाण जुळत नाही.

आता थोडे प्रकाशाविषयी. पाण्यावर सरळ वरून पडणाऱ्या प्रकाशापैकी केवळ २ टक्के परावर्तित होतो. तोच प्रकाश अगदी तिरका, लंबाशी ८० अंशांचा कोन करून आला, तर जवळजवळ ३५ टक्के. म्हणून पुलावरून खाली पाहिले की तळाची वाळू दिसते आणि काठावर बसून पाहिले की आकाशच दिसते. तळ दाखवायचा असेल तर उंचावर जा. परावर्तित प्रकाशाचे ध्रुवण होते आणि ५३ अंशांच्या कोनाला ते जवळजवळ पूर्ण असते. ध्रुवक काचांचा गॉगल कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरून हळूहळू फिरवा. एका स्थितीत चकाकी नाहीशी होऊन पाण्यातले मासे दिसू लागतील. हा खेळ अवश्य करून पाहा.

चित्राची वेळ सकाळी ८ ते ९ ठेवावी. भर दुपार टाळावी. चंद्रपूर २० अक्षांशावर आहे, त्यामुळे मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. सावल्या नाहीशा होतात आणि वाळूचे चढउतार सपाट दिसतात. आणखी एक. दिनदर्शिकांवर पाणी दुधासारखे मऊ दिसणारी चित्रे असतात. कॅमेऱ्याची झडप सेकंदभर उघडी ठेवून ती घेतात. भिंतीवर लावायला ठीक, पण नोंदीसाठी त्यांचा काडीचा उपयोग नाही.

चित्रावरून पाणी मोजणे

चित्रातून आकडेही काढता येतात. उन्हाळ्यापूर्वी पाणी कमी असताना, गावाजवळच्या एखाद्या लहान नदीवर शिक्षकांसह हे करा. कठाणी, खोब्रागडी, सती, इरई यांपैकी जी जवळ असेल ती चालेल. पुलाच्या दोन खांबांमधले अंतर रस्त्यावरूनच फितीने मोजा. समजा ते १२ मीटर आहे. मग पुलासमोर मध्यावर उभे राहून सरळ चित्र घ्या. छापलेल्या चित्रात खांबांमधले अंतर ३ सेंटीमीटर आणि पुलाखालच्या पाण्याची रुंदी १० सेंटीमीटर आली, तर पाणी ४० मीटर रुंद आहे. पुलावरून दोरीला दगड बांधून पाच-सहा ठिकाणी खोली मोजा. समजा सरासरी अर्धा मीटर आली. म्हणजे प्रवाहाचा छेद २० चौरस मीटर झाला.

वेगासाठी काठावर १० मीटर अंतराने दोन काठ्या रोवा, प्रवाहात पळसाचे पान किंवा संत्र्याची साल सोडा आणि चलचित्र घ्या. फोन सेकंदाला साधारण ३० चित्रे घेतो. पान पहिल्या काठीपासून दुसरीपर्यंत जाताना ३७५ चित्रे झाली, तर वेळ १२.५ सेकंद आणि वेग सेकंदाला ०.८ मीटर. हा झाला पृष्ठभागावरचा वेग. तळाच्या घर्षणामुळे खालचे पाणी सावकाश जाते, म्हणून ०.८५ ने गुणावे. आले ०.६८. त्याला २० ने गुणले, की सेकंदाला १३.६ घनमीटर, म्हणजे १३,६०० लिटर पाणी. पुराच्या पाण्यात कोणी उतरू शकत नाही, तेव्हा याच तत्त्वावर काठावरच्या कॅमेऱ्याने वेग मोजण्याची पद्धत आज अनेक देशांत वापरतात. आपल्याकडे केंद्रीय जल आयोग आष्टी, टेकरा, पाथागुडेम अशा ठिकाणी नद्यांची पातळी आणि प्रवाह मोजतो. पण लहान नाल्यांवर आणि उपनद्यांवर मोजपट्ट्या सर्वत्र नसतात.

कोणी विचारील, आता उपग्रह असताना हा खटाटोप कशाला? लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह १९७२ साली सुटला. भारताचा आयआरएस-१ए १९८८ साली. त्यांनी नद्यांचा मोठा इतिहास जमवला आहे, यात शंका नाही. पण लँडसॅटच्या नेहमीच्या चित्रातला एक ठिपका ३० मीटरचा असतो आणि २०१५ पासूनच्या सेंटिनल-२ चा १० मीटरचा. दहा मीटर रुंदीचा नाला म्हणजे एक ठिपका! शिवाय ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आला तसा किंवा जुलै २०२२ मध्ये सिरोंच्याकडे आला तसा पूर असतो, तेव्हा वर दाट ढग असतात. प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहांना खालचे दिसत नाही. रडारचे उपग्रह ढगांतून पाहतात, पण तेही पाणी सर्वांत चढले त्याच क्षणी डोक्यावर असतील असे नाही. त्या वेळी पाणी शाळेच्या कितव्या पायरीला लागले, हे उंचावर सुरक्षित उभा असलेला माणूसच टिपू शकतो. पूर ओसरल्यावर भिंतीवर आणि झाडांच्या खोडांवर गाळाची रेघ राहते. तिच्याशेजारी मीटरपट्टी धरून घेतलेले चित्र तर फारच उपयोगी. २०१९ च्या पावसाळ्यात पुरामुळे भामरागडचा संपर्क वारंवार तुटला होता. अशा गावी दोन-चार वर्षांच्या रेघा जमल्या, तरी कोणते घर कितव्या पुरात बुडते याचा नकाशा वर्गात तयार होईल.

मात्र काही नियम कडक पाळा. पूर असताना पुलावर किंवा काठावर जायचे नाही. चित्र घरून किंवा शाळेच्या उंच जागेवरून दिसेल तेवढेच. कोरड्या पात्रातही फार आत जाऊ नका. वर धरणातून पाणी सोडले, की खाली पाऊस नसतानाही पातळी चढते. मार्च ते मे या दिवसांत वाळूच्या बेटांवर नदी सुरय पक्षी उघड्यावर अंडी घालतात. ती वाळूच्याच रंगाची असल्याने पायाखाली येतात, म्हणून बेटांचे चित्र काठावरूनच घ्यावे. अभयारण्यात वनखात्याची परवानगी लागते. धरण, पोलीस ठाणे यांची चित्रे विचारल्यावाचून घेऊ नयेत.

प्रत्येक चित्रामागे किंवा वहीत पुढीलप्रमाणे मजकूर असावा : 'नदी कठाणी. पुलाच्या उगवतीकडील कठड्याचा तिसरा खांब. कॅमेरा कठड्यावर टेकवून. दिशा वरच्या अंगाकडे. दिनांक, वेळ. आदल्या तीन दिवसांत पाऊस नाही. पाणी स्वच्छ, तळ दिसतो. घेणाऱ्याचे नाव, इयत्ता.' पावसाविषयीचे वाक्य विसरू नका. बहुतेक जण नेमके तेच विसरतात.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. पुलाच्या दोन खांबांमधील अंतर ८ मीटर आहे. चित्रात ते २.५ सेंटीमीटर आणि पाण्याची रुंदी १५ सेंटीमीटर भरते. सरासरी खोली ०.४ मीटर. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात एक पान १५ मीटर अंतर ३०० चित्रांत पार करते. तर नदीतून सेकंदाला किती पाणी वाहत आहे?

(उत्तर : २०.४ घनमीटर.)